फोनोला नाव ठेवण्याआधी झाकण उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घराची साफसफाई निघाली की माळ्यावरून एखादा कर्णा खाली येतो आणि थोड्याच दिवसांत त्याचा फोटो कुठल्या तरी पुरवणीत झळकतो. खालची ओळ ठरलेली: ‘शंभर वर्षांपूर्वीचा एडिसनचा ग्रामोफोन’. या चार शब्दांतच गडबड आहे. एडिसनने १८७७ मध्ये केला तो फोनोग्राफ. पुढे बाजारात आला तो मेणाच्या नळकांड्यावर वाजणारा. ग्रामोफोन एमिल बर्लिनरचा, सपाट तबकडीचा, त्याचे पेटंट १८८७ चे. एडिसनच्या कारखान्याने १९१२ मध्ये तबकड्यांची यंत्रे काढली खरी, पण तीही ‘फोनोग्राफ’ म्हणूनच विकली. आपल्याकडे दोन्हींना ‘फोनो’ म्हणायची रीत आहे. बोलायला ती ठीक, या पत्रातही आम्ही तीच पाळतो. यंत्राची ओळख पटवायची असेल तेव्हा मात्र हा फरक पहिला.

ज्या यंत्रावर काहीच नाव नाही त्याला लोक दोनपैकी एक नाव देऊन मोकळे होतात, एडिसन किंवा एचएमव्ही. आमचे म्हणणे इतकेच, की पाटी असो वा नसो, ती सगळ्यात शेवटी बघावी. पाटी दोन बारीक खिळ्यांवर बसलेली असते. निघायला एक मिनिट, नवी ठोकायला एक मिनिट. मोटर, आटे, साउंडबॉक्स (सुई धरणारी, आत पडदा असलेली गोल डबी) आणि लाकडाचे सांधे इतक्या सहज बदलत नाहीत.

पहिला प्रश्न: नळकांडे की तबकडी? नळकांड्याच्या यंत्रात आडवा, एका टोकाला किंचित निमुळता होत गेलेला दंडगोल असतो, त्यावर नळकांडे सरकवून बसवतात. नेहमीचे नळकांडे सव्वादोन इंच व्यासाचे आणि सव्वाचार इंच लांबीचे. आता दंडगोलाच्या आसपास बारीक आट्यांचा दांडा आहे का ते बघा. एडिसन आणि अमेरिकन कोलंबिया यांच्या यंत्रांत साउंडबॉक्स पुढे सरकवायला असा दांडा असतो आणि त्यावर अर्धी नट (आट्यांत अडकणारा अर्धगोल तुकडा) टेकलेली असते. दांडा नसेल, साउंडबॉक्स एका मोकळ्या हातावर लोंबत असेल आणि नळकांड्यावरची खाचच त्याला ओढत नेत असेल, तर ते यंत्र बहुधा जर्मन ‘पक’ जातीचे. ओतीव लोखंडाची, वीणेसारख्या आकाराची छोटी बैठक, वर एक कर्णा, संपले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा नमुना जर्मनीत एकाहून अधिक कारखान्यांनी काढला, कोलोनचा एक्सेल्सिअर त्यातलाच. स्वस्त माल, त्यामुळे बऱ्याच यंत्रांवर कारखान्याचे नाव मुळातच नव्हते. तेव्हा नाव नसणे हा इथे दोष नाही, उलट खूणच आहे.

एडिसनच्या यंत्रावर सहसा पेटंटांच्या तारखांची आणि अनुक्रमांकाची पाटी असतेच. ती गेली असेल तर तिची छिद्रे आणि भोवतालचा न उडालेला रंग शिल्लक राहतो. पाटी सापडली तरी एक चूक सगळेच करतात: त्यावरची पहिली तारीख वाचतात आणि तेच यंत्राचे जन्मवर्ष धरतात. पेटंटची तारीख एवढेच सांगते की यंत्र त्याच्या आधीचे नाही. म्हणून सगळ्यात शेवटची तारीख बघायची, आणि तीसुद्धा ‘याच्यानंतर कधीतरी’ एवढ्याच अर्थाने. एडिसनच्या साउंडबॉक्सवर इंग्रजी अक्षर ठोकलेले असते. सी म्हणजे दोन मिनिटांच्या नळकांड्यासाठी, एच म्हणजे चार मिनिटांच्या, के म्हणजे फिरवून दोन्हींसाठी. चार मिनिटांची नळकांडी १९०८ मध्ये आली, त्यांच्यावर इंचाला २०० खाचा, आधीच्यांवर १००. पण साउंडबॉक्स चिमटीत मावणारी वस्तू आहे, या यंत्रावरून त्या यंत्रावर सहज जाते. अक्षरावरून यंत्राचे वय ठरवू नका. अक्षर बघायचे ते नळकांडे वाचवण्यासाठी, कारण दोन मिनिटांची जाड सुई चार मिनिटांच्या बारीक खाचेतून फिरवली की मेण खरवडले जाते आणि गाणे कायमचे जाते.

जाता जाता: मेणाचे नळकांडे बाहेरून पकडू नये. दोन बोटे आत घालून ती फाकवायची आणि उचलायचे. कोकणच्या दमट हवेत त्यावर पांढरी बुरशी धरते. ती पुसायच्या फंदात पडू नये, फडक्याने खाच बुजते किंवा चरे पडतात.

तबकडीच्या यंत्रात साउंडबॉक्सची दिशा बघा. गोल पडद्याचा चेहरा तबकडीशी काटकोनात, म्हणजे उभा असेल, तर सुई डावी-उजवी हलते आणि हे बर्लिनरच्या घराण्याचे, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या नेहमीच्या तबकड्यांचे यंत्र. चेहरा तबकडीला समांतर, म्हणजे जमिनीकडे पाहत असेल, तर सुई वर-खाली हलते. असे यंत्र फ्रेंच पाथे किंवा एडिसनच्या हिरा-तबकडीचे असण्याची शक्यता मोठी. पाथेला नीलमण्याची गोलसर सुई, एडिसनला हिऱ्याची; दोन्हीकडे बदलायची पोलादी सुई नाही. एडिसनची तबकडी हातात घेतली तरी कळते, पाव इंच जाड आणि चांगली वजनदार. तिच्यावर पोलादी सुई ठेवली की ती तबकडी गेलीच म्हणायची. पाथेच्या काही हातांवर साउंडबॉक्स फिरवून दोन्ही प्रकारे बसतो, त्यामुळे आज तो कसा बसवलेला आहे यापेक्षा तो फिरतो का, हे तपासा.

हात आणि कर्णा काळ सांगतात, पण ढोबळ. सर्वांत जुन्या यंत्रांत कर्णा थेट साउंडबॉक्सलाच जोडलेला असतो आणि समोरच्या लाकडी किंवा लोखंडी हातावर तोलून धरलेला असतो. सुईबरोबर अख्खा कर्णा सरकतो. एचएमव्हीच्या चित्रातला कुत्रा ज्याच्यापुढे बसला आहे ते यंत्र या जातीचे. कर्णा मागे स्थिर आणि मध्ये पोकळ, निमुळता हात ही रचना साधारण १९०३ पासूनची. कर्णा पेटीच्या पोटात गेला अमेरिकेत १९०६ मध्ये आणि इंग्लंडात १९०७ मध्ये. पण बाहेरच्या कर्ण्याची यंत्रे त्यानंतरही बरीच वर्षे खपत होती. म्हणून ‘कर्णा आहे म्हणजे फार जुना’ हे गणित चुकते. थाळीचा, म्हणजे तबकडी ठेवायच्या फिरत्या चकतीचा, व्यास अधिक बोलका: तबकड्या आधी सात इंची होत्या, दहा इंची १९०१ मध्ये आणि बारा इंची १९०३ मध्ये आल्या. अस्सल सात इंची थाळी दिसली तर यंत्र काळजीने हाताळा. सुटकेससारखी उचलून न्यायची यंत्रे इंग्लंडात १९१४ पासून दिसतात. आपल्याकडे घरोघरी सापडणारे एचएमव्ही १०१ हे १९२५ चे आणि १०२ हे १९३१ चे. कोठेही ईएमआय ही अक्षरे असतील तर १९३१ च्या आधीचा विचारच नको, कारण एचएमव्हीवाली ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया एकत्र येऊन ती कंपनी त्या वर्षी झाली. उलट ‘ग्रामोफोन अँड टाइपरायटर’ हे ग्रामोफोन कंपनीचे जुने नाव असेल तर काळ १९०० ची अखेर ते १९०७.

आता झाकण उघडायचे. आधी चावी पूर्ण उतरवा: ब्रेक सोडा आणि थाळी आपोआप थांबेपर्यंत फिरू द्या. ही पायरी गाळायची नाही. स्प्रिंग भरलेली असताना गव्हर्नर (वेग आवरणारा भाग) सैल केला तर आवरायला काहीच उरत नाही; चाके सुसाट फिरतात, दात सोलून निघतात आणि बोट मध्ये असेल तर बोटही. स्प्रिंगचा गोल डबा तर ओळख पटवायला उघडायची गरजच नसते. आत साधारण इंचभर रुंद, काही मीटर लांबीची पोलादी पट्टी कोंबलेली असते आणि ती बाहेर येते तेव्हा सावकाश येत नाही.

थाळी सरळ वर उचलून काढा. अडली तर खालून दोन्ही हातांनी सारखा जोर लावत, मधल्या खुंटीवर लाकडी ठोकणीने हलकेच एक टोला. स्क्रूड्रायव्हर घालून एका बाजूने उचकटली की थाळी वाकते आणि पुढे जन्मभर डुलते. मग मोटर बसवलेल्या फळीचे स्क्रू काढायचे आणि फळी मोटरसकट उलटी करायची. खाली मऊ घोंगडी, आणि प्रत्येक स्क्रू त्याच्याच भोकाशी चिकटपट्टीने लावून ठेवायचा.

खरा मजकूर इथे आहे. स्प्रिंगचे डबे मोजा. एक असेल तर चावी दहा इंची तबकडीच्या एका बाजूला, म्हणजे तीनेक मिनिटांना पुरते. दोन असतील तर सहसा दोन बाजूंना. ओतीव लोखंडाची जाड बैठक जुनी, पत्रा दाबून केलेली नंतरची. मोटरवर नाव शोधा: गॅरार्ड आणि कोलारो इंग्रज, थोरेन्स आणि पायार स्वित्झर्लंडमधल्या सेंट-क्रोआ गावचे. पण नाव मिळाले म्हणजे ओळख पटली असे नव्हे. हे कारखाने इतरांना सुट्या मोटरी विकत. पेटी एकाची, मोटर दुसऱ्याची, साउंडबॉक्स तिसऱ्याचा आणि पाटी विकणाऱ्या दुकानाची, ही १९२० आणि १९३० च्या दशकांतली राजरोस पद्धत होती. असे यंत्र ‘खोटे’ नाही. त्याला कारखान्याचे नाव नाही एवढेच, आणि त्याचे वर्णन ‘स्विस मोटरचे, नाव नसलेले टेबल ग्रामोफोन’ असेच करावे. त्याला बळेच एचएमव्ही करण्यात कोणाचाच फायदा नाही, विकणारा सोडून.

नाव नसेल तर अक्षरे शोधा. डी.आर.पी. म्हणजे जर्मन पेटंट. डी.आर.जी.एम. म्हणजे जर्मन नमुना-नोंदणी, ती १८९१ पासूनची आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंतची. एस.जी.डी.जी. म्हणजे फ्रेंच पेटंट, ‘सरकारची हमी नाही’ या अर्थाचे. या अक्षरांपुढचा आकडा पेटंटचा किंवा नोंदणीचा. तो यंत्राचा अनुक्रमांक समजून लोक वर्षानुवर्षे शोधत बसतात. अमेरिकन पेटंटांनी दहा लाखांचा आकडा ऑगस्ट १९११ मध्ये गाठला, म्हणून सहा आकडी अमेरिकन पेटंट दिसले तर ते त्याआधीचे. पेटंटांचे दप्तर आता इंटरनेटवर फुकट बघता येते. आकडा टाकला की मूळ आकृतीच समोर येते आणि आपल्या हातातला भाग तिच्याशी ताडून पाहता येतो. ठसे कुठे असतात? बैठकीच्या खालच्या बाजूला, स्प्रिंगच्या डब्यावर, गव्हर्नरच्या ब्रॅकेटवर, थाळीच्या पाठीवर, साउंडबॉक्सच्या मागे आणि चावीच्या भोकाभोवतीच्या चकतीवर. टॉर्च समोरून नाही, अगदी आडवा धरायचा. पुसट ठशावर खडूची पूड चोळून वरची झटकली की आकडे उठून दिसतात. आणि देवाशपथ, या टप्प्यावर पितळ घासायची पॉलिश जवळसुद्धा आणू नका. घासताना सोनेरी छापाची अक्षरे आधी जातात, मग ठसे, आणि मग उरते ते चकाकणारे निनावी यंत्र.

आटे मोजले तर देश कळतो. एक व्हर्नियर कॅलिपर आणि आटेमापक पट्टी पुरे. बीए (ब्रिटिश असोसिएशन) मापाचा चार नंबरचा स्क्रू ३.६ मिलिमीटर व्यासाचा आणि ०.६६ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा; मेट्रिकमधला चार मिलिमीटरचा आणि ०.७ अंतराचा. बीएचा दोन नंबर ४.७ मिलिमीटर आणि ०.८१ अंतराचा, तर अमेरिकन ८-३२ चा व्यास ४.१७ मिलिमीटर आणि अंतर ०.७९. या शेवटच्या जोडीत आट्यांचे अंतर इतके सारखे आहे की नुसत्या पट्टीवर फसायला होते, व्यास मोजावाच लागतो. एकच वेगळा स्क्रू म्हणजे जुनी दुरुस्ती. सगळे मेट्रिक असतील तर यंत्र युरोप खंडातले, किंवा कालपरवाचे. डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतरचाच. ‘१९०५ च्या’ यंत्रात असे सगळे स्क्रू दिसले तर हात जोडावेत आणि पुढे जावे.

आणि इथे चोरबाजाराकडे येणे भाग आहे. मुंबईच्या मटन स्ट्रीटवर, दिल्ली-जयपूरच्या दुकानांत आणि आता ऑनलाइनही एक ठरावीक यंत्र मिळते: अष्टकोनी किंवा षट्कोनी पेटी, तिच्यावर नक्षीदार पितळी पत्रा, भलामोठा चकचकीत पितळी कर्णा आणि दर्शनी भागावर कुत्र्याची कोरी करकरीत पाटी. परदेशातले संग्राहक याला ‘क्रॅपोफोन’ म्हणतात आणि त्याचे मूळ भारतात आहे हे त्यांना चांगले ठाऊक आहे. आत बहुतेक वेळा मोडीत काढलेल्या सुटकेस-ग्रामोफोनची मोटर असते. म्हणजे एक चांगले चालणारे, प्रामाणिक १०२ मारून हा शोभेचा दागिना घडवलेला असतो. दिवाणखान्यात ठेवायची वस्तू म्हणून कोणी घेत असेल तर आमची हरकत नाही. ‘ब्रिटिश काळातील अस्सल’ म्हणून तिचा फोटो छापला जातो, तेव्हा हरकत आहे.

ओळखायला पाच मिनिटे लागतात. चावी न देता, थाळी स्थिर ठेवून सुईचा हात मध्याकडे फिरवा. नीट बेतलेल्या यंत्रात सुईचे टोक मधल्या खुंटीपाशी किंवा तिच्या किंचित पलीकडे जाते. जोडकामात ते खुंटीच्या बरेच अलीकडे अडते किंवा भलतीकडेच जाते, कारण हात ज्या पेटीसाठी केला होता ती ही पेटी नाही. अशा यंत्रावर सुई खाचेच्या एका भिंतीला घासत राहते आणि लाखेची तबकडी दोनचार वेळा वाजवली की करडी पडते. कर्ण्याचा बाक बघा: जुना बाक सफाईने निमुळता होत जातो, नवा एकाच जाडीचा नळ वाकवल्यासारखा असतो. कर्ण्याला चुंबक लावा. जुने पुष्कळसे कर्णे रंगवलेल्या लोखंडी पत्र्याचे, काही लाकडाचे. पितळीही होते, पण ‘पितळी म्हणजे अस्सल’ ही समजूत बाजाराने पसरवलेली आहे. पेटी उलटी करा. जुन्या ओक किंवा महोगनीच्या पेटीचा तळ कोरडा आणि सारखा काळवंडलेला असतो, झाकणाच्या व पेटीच्या आत कधी सुताराने घातलेला तोच आकडा दिसतो. नव्या पेटीत आंबा किंवा शिसवीवर गडद रंग फासलेला असतो, तो स्क्रूच्या भोकांतही उतरलेला दिसतो. नुसत्या प्लायवुडवरून मात्र निवाडा करू नका, सुटकेसच्या यंत्रांत ते कारखान्यातूनच येई. शेवटी मोटरची फळी: एका मोटरसाठी पाडलेली भोके बुजवून दुसरीसाठी पाडली असतील तर खालून सगळा इतिहास दिसतो.

एक खूण अशी की ती फसवणाऱ्याला सहसा जमत नाही. १९२० नंतरच्या कित्येक यंत्रांचे हात आणि साउंडबॉक्सची पाठ जस्ताच्या मिश्रधातूची आहे. ओतताना त्यात शिशाची अशुद्धी राहिली तर तो धातू वर्षानुवर्षे आतून फुगतो आणि बारीक जाळीदार तडे जातात. असा तडकलेला करडा भाग दिसला तर तो जुना आहे हे नक्की, पण त्यावर जोर देऊन काही फिरवू नका, बिस्किटासारखा तुटतो. अभ्रकाचा पडदा पापुद्रे सुटलेला आणि भोवतालचे रबर दगडासारखे झालेले, हेही वयाचेच लक्षण. दोन्ही बदलता येतात, म्हणून त्यासाठी यंत्र टाकून देऊ नये.

वाजवून बघायचेच असेल तर आधी गव्हर्नर पाहा. तीन वजने, प्रत्येक पातळ पोलादी पट्टीवर. एक पट्टी तुटली की वजने एका बाजूला ओढतात आणि सूर लहरतो. बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब, गव्हर्नरच्या चामड्याच्या गादीला एक. थाळीवर कागदाची चिठ्ठी चिकटवून मिनिटाचे फेरे मोजा, ७८ यायला हवेत. चावी देताना आतून ‘धप्प’ आवाज आला तर स्प्रिंग बहुधा तुटलेली नाही, वंगण सुकून तिची वेटोळी चिकटली आहेत आणि ती झटक्याने सुटतात. चावी फिरतच राहिली आणि भार लागलाच नाही तर स्प्रिंग तुटली आहे किंवा तिचा हूक निसटला आहे. आणि पोलादी सुई दर बाजूला नवी. लाखेत खरखरीत भुकटी मुद्दाम घातलेली असते, ती सुईला खाचेच्या आकाराला घासते. दुसऱ्या फेरीला तीच सुई पटाशीसारखी चालते.

परदेशी राहणाऱ्या मुलांकडे यंत्र पाठवायचा विचार असलेल्यांसाठी एवढेच: १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वय शंभरीच्या आत असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ‘पुरावशेष नाही’ असा दाखला घ्यावा. तिथे यंत्राचे वय विचारले जाणार. ‘आजोबांचे आहे’ हे उत्तर पुरणार नाही, खाली सांगितलेले फोटो उपयोगी पडतील.

संपादक महोदय, आपल्याकडे असा फोटो आला तर पाठवणाऱ्याकडून आणखी चार फोटो मागवावेत: साउंडबॉक्स बाजूने, थाळी काढलेली मोटरफळी वरून, तीच फळी खालून, आणि पेटीचा तळ. तेवढ्यावरून फोटोखालची ओळ बऱ्याच अंशी नेमकी लिहिता येते. तेवढे जमले नाही तर ‘चावीचा ग्रामोफोन, कारखाना अज्ञात’ हीसुद्धा चांगली ओळ आहे.

आपले,
जुन्या फोनोंची दुरुस्ती करणारे दोन वाचक, पुणे